ज्याचं त्याला

सर्जेराव माने भेटले की नमस्कार करीत नाहीत, हात मागतात. आपण हस्तांदोलनाच्या समजुतीने उजवा हात पुढे करावा, तर ते त्याची मूठ वळायला लावतात आणि आंबा पिकला की नाही हे पाहावे तसे चारही बोटांचे सांधे एकेक करून दाबून पाहतात. पाहणी संपली की मान हलवून म्हणतात, "नाही. हा तो नव्हे." त्यानंतर नमस्कार, प्रकृतीची चौकशी वगैरे सगळे रीतसर होते.

बडोद्यात माझ्या माहितीतला असा एकही पुरुष नाही, की ज्याचा हात सर्जेरावांनी दाबलेला नाही. न्हावी, दातांचे डॉक्टर, सेव-उसळवाला, आणि एकदा तर वरातीत घोड्यावर बसलेला नवरदेव. 'पुरुष' हा शब्द मी येथे विचारपूर्वक वापरला आहे. त्याचे कारण योग्य ठिकाणी येईल.

मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. कचेरीच्या कुंपणाला लागून कडुनिंबाखाली माझे टेबल असते. शाळेचा आणि माझा संबंध आठवीत संपला. तथापि शिकले-सवरलेले लोकही सरकारशी बोलायची वेळ आली की माझ्याच टेबलाशी येऊन उभे राहतात, ही वस्तुस्थिती आहे. मराठीत ऐकायचे, गुजरातीत लिहायचे, आणि साहेबाने वाचल्यावर त्याला ते स्वतःलाच सुचले असे वाटले पाहिजे, अशी ही कला आहे. ती शाळेत शिकवीत नाहीत.

सर्जेराव प्रथम माझ्या टेबलाशी आले तेव्हा मी रिवाजाप्रमाणे विचारले, "अर्ज कशाबद्दल?"

"आधी मूठ," ते म्हणाले.

मी मूठ दिली. त्यांनी ती दाबली, उलटसुलट केली आणि जाहीर केले, "तुम्ही जाड्याच्या मापाचे."

लेखणी धरणारा हात नाजूक असतो अशी माझी त्या दिवसापर्यंत समजूत होती. मी थोड्या करड्या आवाजात विचारले, "कोण जाड्या?"

"घरी या. ओळख करून देतो."

दांडिया बाजाराच्या मागल्या अंगाला त्यांच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत एक खाट, एक ट्रंक आणि एक भिंत. भिंत म्हणतो, कारण त्या खोलीत पाहण्यासारखी तीच एक वस्तू होती. इतरांच्या घरी जिथे देव किंवा पूर्वज टांगतात, तिथे ह्या गृहस्थांनी खिळ्याखिळ्याला सुरे टांगलेले होते. साधे सुरे नव्हेत. मागच्या महायुद्धात शिपायांनी फावल्या वेळात, स्वतःच्या हाताने, मिळेल त्या भंगारातून घडवलेले सुरे. पाते जुन्या कानशीचे, मूठ तोफगोळ्याच्या पितळी नळकांड्याची किंवा पडलेल्या विमानाच्या पत्र्याची. आणि त्या मुठीला पुढच्या बाजूने चार कडी, चार बोटे अडकवायला. म्हणजे सुरा हातातून सुटू नये, आणि सुऱ्याचे काम नसेल तेव्हा नुसत्या ठोशानेही भागावे. पोलीस अशा कड्यांना 'फायटर' म्हणतात. सर्जेरावांना हा शब्द आवडत नाही. "फायटर गुंडाकडं असतो," ते म्हणतात. "ही माणसं आहेत."

आणि त्यांनी माझी त्या माणसांशी ओळख करून दिली. "हा जाड्या. विमानदुरुस्तीतला असावा. हा अंगठीवाला. बघा, ह्याचं तिसरं कडं मोठं आहे. लग्नातली अंगठी न काढता लढला बिचारा. आणि हा तीनबोट्या. ह्याला तीनच कडी. चौथ्या बोटाचं काय झालं ते ह्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही."

मी जाड्यात बोटे घातली. ती अशी बसली, की काढताना साबण लावावा लागला.

हे सुरे सर्जेरावांनी कुठून आणले नसतील? जुन्या बाजारातून, भंगारवाल्यांकडून, फौजी घराण्यांतल्या माळ्यांवरून. एक सुरा तर कुणाच्या तरी गोठ्यात गवत कापीत होता, तो त्यांनी नवा कोयता देऊन सोडवून आणला. ह्याला आपण संग्रह म्हणू. ते म्हणत नाहीत. गोळा केले असेही म्हणू देत नाहीत. "गोळा करतात तो कचरा. हे जमा आहेत. शिपाई हजेरीला जमा होतात, तसे." रोज सकाळी ते फडक्याने एकेका सुऱ्याला खोबरेल तेलाचा हात फिरवतात आणि शेवटी मागे सरकून मोठ्याने म्हणतात, "जमा!" शेजारचे गुजराती कुटुंब ह्या आरोळीवर चहाचे आधण ठेवते.

ते कुटुंब नवीन राहायला आले तेव्हा मात्र गोंधळ झाला होता. "सामेवाळा काका मूठ बतावे छे," असे कुणीतरी त्या बाईंना सांगितले. मूठ मारणे म्हणजे जादूटोणा, हे मराठीलाही कळते आणि गुजरातीलाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराला लिंबू-मिरची लागली. सर्जेरावांनी ती पाहून चौकशी केली, "काय हो, नजर कुणाची लागली?" यजमानांनी घाबरून नमस्कार केला. सर्जेरावांनी तेवढ्यात त्यांचाही हात दाबून घेतला. "नाही. हा तो नव्हे."

तो म्हणजे कोण, हे सांगायची वेळ आता झाली.

भिंतीच्या अगदी मध्यभागी एक सुरा इतरांहून लहान आहे. पाते कानशीचेच, पण कडी इतकी बारीक, की माझे करंगळीचे टोकही आत जाईना. मुठीवर हिरव्या चकत्या ओवलेल्या, आणि त्या हिरव्याच्या दोन्ही टोकांना पितळेची एकेक चकती. दात घासायच्या हिरव्या ब्रशांच्या दांड्या कापून त्या चकत्या केलेल्या आहेत. काम असे, की सांध्यावरून नख फिरवले तर अडकत नाही.

हा सुरा सर्जेरावांच्या वडिलांच्या ट्रंकेत सापडला. वडील लढाईत लष्करी कारखान्यात फिटर होते. गडी धिप्पाड, हाताचा पंजा सुपाएवढा. म्हणजे हा सुरा त्यांचा असणे शक्य नाही. लहानपणी सर्जेरावांनी एकदा तो ट्रंकेतून काढला, तेव्हा वडिलांनी तो हातातून काढून घेतला, घसा खाकरला आणि एवढेच म्हणाले, "हे माझं नाही. ज्याचं त्याला द्यायचं राहून गेलं."

त्यावर त्यांनी पुन्हा कधी तोंड उघडले नाही, आणि पुढे ते वारले.

सर्जेरावांनी ह्या एका वाक्यावर आयुष्य बेतले. त्यांचा तर्क असा. वडिलांचा कुणी एक सोबती होता. चणीने लहान, बोटे बारीक. तो लढाईत पडला आणि त्याचा सुरा वडिलांकडे राहिला. घरच्यांना द्यायचा होता, जमले नाही. तेव्हा त्याचा मुलगा, नातू, पुतण्या, कुणीतरी ह्याच मुलखात असणार. कारण वडिलांबरोबर गेलेली पोरे बडोद्याजवळच्या सावली आणि पादरा ह्या गावांकडचीच होती. "नाक बदलतं, रंग बदलतो, पण बोटाचा सांधा पिढ्यांनी बदलत नाही," हा त्यांचा सिद्धांत. एस.टी.त कंडक्टर झाल्यावर त्यांनी हट्टाने सावली आणि पादरा ह्याच गाड्या मागून घेतल्या. तिकीट देताना हात दिसतोच. पुरुष उतारूंना तिकिटाबरोबर दाब मिळे. स्त्रियांच्या हाताकडे त्यांनी नोकरीभर पाहिले नाही. "बाईमाणसाच्या हातात तिकीट ठेवायचं आणि खिडकीबाहेर बघायचं," हा त्यांचा नियम. सभ्य गृहस्थ. बाकीचे सुरेसुद्धा त्यांनी त्यासाठीच जमा केले. कुणाच्या कड्यांत कुणाचा हात बसतो ह्याचा अभ्यास हवा, म्हणून.

लग्न त्यांनी केले नाही. धाकटी बहीण कुसुमताई वाघोडियाला असते. भाऊबीजेला हे ओवाळून घेतात, ताटात साडी ठेवतात आणि परतीच्या गाडीने निघतात. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. कुसुमताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "साऱ्या बडोद्याचे हात बघत फिरतोस दादा, पण बहिणीच्या हातचे चार घास खायला तुला वेळ नाही."

"गाडी चुकेल," सर्जेराव म्हणाले.

"रिटायर होऊन किती वर्षं झाली, अजून ह्याची गाडी चुकते!"

मलाही त्या बोलण्यातला काटा जाणवला होता. सर्जेरावांना तो बोचला की नाही, सांगता येत नाही. ते बसथांब्यावर एका पानवाल्याची मूठ पाहत होते.

तर मग अर्ज. सर्जेरावांचे वय झाले. गुडघे धरू लागले. हिंडून हात पाहणे जमेना, तेव्हा त्यांनी ठरवले की हातांनीच आपल्याकडे यावे. एखाद्या कार्यालयाचा हॉल घेऊन सुऱ्यांचे प्रदर्शन मांडायचे, आणि येणाऱ्या प्रत्येक पुरुषाने मधल्या सुऱ्यात बोटे घालून पाहायची. हत्यारांचा मामला, म्हणून पोलिसांची परवानगी हवी. अर्ज अर्थातच मी गुजरातीत लिहिला. विषयाच्या ओळीत मी 'एकठां करेलां हथियार', म्हणजे गोळा केलेली हत्यारे, असे लिहिणार होतो. सर्जेरावांनी टेबलावर हात आपटला. "जमा! तिथं जमाच पाहिजे."

"सर्जेराव, गुजरातीत ऐकायला वेगळं लागेल."

"शब्द तोच आहे ना? मग लिहा."

अर्जदाराचा आग्रह मोडायचा नाही हे माझे व्यवसायाचे तत्त्व. मी लिहिले, 'हथियार जमा करवा बाबत'. येथे वाचकांना स्मरण देतो, की निवडणूक आली म्हणजे परवान्याच्या बंदुका ठाण्यात नेऊन ठेवाव्या लागतात. त्यालाही हथियार जमा करवां असेच म्हणतात.

एका सकाळी मी सर्जेरावांकडे चहा घेत असता दारात पोलीस उभे राहिले. एक तरुण हेड कॉन्स्टेबल बाई, हातात कापडी पिशवी, दोरा आणि लाखेची कांडी. "काका, हथियार जमा कराववानां छे ने?"

सर्जेरावांचा चेहरा उजळला. "जमा छे! बधां जमा छे!"

"क्यां जमा कराव्यां?"

"अहीं! भींत पर! आवो, जुओ!"

बाईंनी भिंत पाहिली. त्यांची भुवई वर गेली. मग त्यांनी पिशवी उघडून जाड्याला खिळ्यावरून उतरवले आणि आत टाकले. त्यामागून अंगठीवाला. सर्जेराव काही क्षण कौतुकाने पाहत राहिले. प्रदर्शनाला नेण्याची सरकारी व्यवस्था असावी अशी त्यांची समजूत झाली असणार. तीनबोट्या पिशवीत गेला तेव्हा त्यांच्या ध्यानात आले. ते एकदम भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभे राहिले.

"बाकीचे न्या! मधला नेऊ नका! तो माझा नाही!"

पोलिसासमोर उच्चारण्यास अयोग्य अशी जी वाक्ये आहेत, त्यांत ह्या वाक्याचा क्रमांक फार वर लागतो.

"तमारो नथी?" बाईंचा आवाज बदलला. "तो कोनो छे?"

"तेच शोधतोय ना आयुष्यभर!" सर्जेराव ओरडले. घाबरल्यामुळे मराठीत ओरडले. "ज्याचा आहे त्याला द्यायचा आहे मला! तो ठाण्यात गेला तर मी त्याला काय तोंड दाखवू? माझे वडील सांगून गेलेत!"

मी पुढे झालो. सदर अर्जातील 'जमा' ह्या शब्दाचे दोन अर्थ मी बाईंना सविस्तर समजावले. त्यांच्या छातीवरच्या पाटीवर 'मोरे' असे लिहिले होते, हे माझ्या आधीच ध्यानात आले होते. त्या ऐकता ऐकता हसू दाबू लागल्या आणि मराठीत म्हणाल्या, "असं होय! अहो, मग आधी सांगायचं की काका. माझे पणजोबापण फौजेतच होते. बघू, कुठला तो मधला?"

सर्जेरावांनी तो सुरा खाली काढला. दोन्ही हातांवर धरून पुढे केला. बाईंनी पाते बोटाने चाचपले. "धार नाहीच की ह्याला."

"लावायच्या आधी गेला असेल बिचारा," सर्जेराव म्हणाले.

आणि मग, कुणीही सहज करील तसे, बाईंनी कड्यांत बोटे घातली.

चारही बोटे आत गेली. ना सैल, ना घट्ट. सुरा त्यांच्या मुठीत असा बसला, की जणू माप घेऊन केला होता.

सर्जेरावांनी खिडकीबाहेर पाहिले. चाळीस वर्षांची सवय. मग त्यांनी मान हळूहळू परत वळवली आणि आयुष्यात प्रथमच एका बाईच्या हाताकडे नीट पाहिले.

"काका," बाई मूठ उजेडाकडे फिरवत म्हणाल्या, "हे हिरवं काय म्हणे?"

"त्याच्या पलटणीच्या रंगाची खूण असावी."

"पलटण कसली? बघा ना. मधे हिरव्या बांगड्या, दोन्ही कडेला सोन्याची एकेक. माझ्या लग्नात आईनं अश्शाच भरल्या होत्या. काका, हा चुडा आहे."

सर्जेराव खाटेवर न बसता ट्रंकेवर बसले.

"आई म्हणायची," ते सांगू लागले, "लढाईवरून लोकांनी बायकांना साबण आणले, लुगडी आणली. ह्यांनी काय आणलं, तर संधिवात. मरेपर्यंत म्हणायची. बाबा नुसते ऐकून घ्यायचे. घसा खाकरायचे." मग माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "ज्याचं त्याला म्हणाले होते हो. मी स्वतः ऐकलंय. ज्याचं त्याला."

भाषेशी माझा रोजचा व्यवहार आहे, तेव्हा ह्यावर बोलण्याचा अधिकार मी घेतो. त्या पिढीतला पुरुष मुलासमोर बायकोचे नाव घेत नसे. 'तुझी आई' म्हणायचे तरी आधी घसा साफ करावा लागे. 'जिचं तिला' असे म्हटले असते तर सगळेच उघड झाले असते. परमुलखात बसून, सबंध तुकडीत हिरवे ब्रश मागत फिरून, एकट्या राहिलेल्या बायकोसाठी हा माणूस तिच्या बोटांच्या मापाचे हत्यार घडवतो. माप आठवणीतले. तिला लागू नये म्हणून धार लावत नाही. आणि घरी आल्यावर देण्याचा धीर होत नाही! लाजेपोटी त्यांनी पुल्लिंग वापरले, आणि मुलगा ते पुल्लिंग घेऊन आयुष्यभर पुरुषांचे हात दाबत फिरला.

मोरेबाईंनी पिशवीतले सगळे सुरे आपल्या हाताने परत खिळ्यांना लावले. जाड्या आणि अंगठीवाला ह्यांची अदलाबदल झाली, ती सर्जेरावांनी दुरुस्त केली नाही. "घरात राहू द्या काका," त्या जाता जाता म्हणाल्या, "फक्त घेऊन फिरू नका. साहेबांना मी सांगते. आणि अर्ज नवीन द्या. शब्द बघून."

घेऊन फिरायचे नाही, म्हणून सुरा वाघोडियाला जाऊ शकत नव्हता. कुसुमताईच आल्या, पुढच्या रविवारी, डब्यांची पिशवी घेऊन. मलाही बोलावणे होते. त्यांनी पदराने घाम टिपला न टिपला, तोच सर्जेराव समोर उभे राहिले.

"कुसुम, हात दे."

"बाई बाई! सगळ्या बडोद्याचा नंबर लागून झाला वाटतं! आता काय, स्थळ बघतोस माझं ह्या वयात?"

"दे गं."

त्या आवाजाने त्यांनी मुकाट्याने हात दिला. सर्जेरावांनी मूठ वळवली नाही, सांधे दाबले नाहीत. बहिणीची बोटे एकेक करून त्या कड्यांत घातली. तिसऱ्या बोटाच्या सांध्याला वयाची सूज होती, तिथे अडले. "थांब, दुखेल," ते म्हणाले, आणि सुऱ्यांच्या खोबरेलातला एक थेंब तिथे लावला. कडे सरकले.

"आईचा हात," सर्जेराव म्हणाले.

मग त्यांनी तिला सगळे सांगितले. कुसुमताई ऐकत होत्या आणि हिरव्या चकत्यांवरून अंगठा फिरवीत होत्या. डोळ्यांतले पाणी त्यांनी दुसऱ्या हाताने पुसले. सुऱ्याचा हात खाली आणला नाही. "आईला हे दिलं असतं ना दादा," त्या शेवटी म्हणाल्या, "तर तिनं आधी ह्यानं नारळ फोडून बघितला असता. आणि मग साऱ्या आळीला दाखवत फिरली असती."

त्या दिवशी सर्जेराव बहिणीच्या हातचे जेवले. पुरणपोळी दोनदा मागून घेतली. गाडी कुणाचीच चुकली नाही, कारण कुसुमताई चार दिवस राहिल्या. सुरा बहिणीचा आहे, पण असतो भावाकडेच. त्यामुळे तो पाहायला तिला दर पंधरवड्याला यावे लागते, अशी ही व्यवस्था आहे. ह्यात कुणाची सोय आहे ते मी विचारलेले नाही.

परवा सर्जेराव पुन्हा माझ्या टेबलाशी आले. सवयीने मी मूठ पुढे केली. त्यांनी नमस्कार केला.

"प्रदर्शन करायचंच," ते म्हणाले. "जाड्या, अंगठीवाला, ह्यांचंही कुणीतरी असेल. बायामाणसांनाही बोलवायचं. लिहा."

"विषय काय लिहू? जमा नको."

"जमा नको. ज्याचं त्याला..." ते थांबले. "नाही, तसं नको. त्यात घोटाळा होतो."

मी लिहिले आणि वाचून दाखवले, "'जेनुं होय तेने' पहोंचाडवा बाबत."

"ह्यात पुरुष की बाई?"

"दोन्ही. गुजरातीत ह्या ठिकाणी फरक करीत नाहीत. ज्याचं असो, जिचं असो, शब्द एकच."

सर्जेरावांनी कागद हातात घेतला आणि ती ओळ बराच वेळ पाहिली. निंबाची दोन पिवळी पाने टेबलावर पडली, ती त्यांनी बाजूला केली.

"बाबांना गुजराती फार छान यायचं हो," ते म्हणाले. "पण घरात आमच्या मराठीच."

मग त्यांनी माझा हात धरला. सांधे दाबले नाहीत. नुसता धरला.